कोंडाण्याची वही

भाताची कापणी उरकली असेल, झोडणी चालू असेल, त्यामुळे हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आम्ही आपल्याच भागातल्या एका लहान गावाचा इतिहास सांगणार आहोत. गावाचं नाव कोंडाणे.

हे नाव ऐकलं की बाहेरची माणसं लगेच सिंहगड म्हणतात, तानाजी म्हणतात. तो कोंढाणा पुण्याकडचा. आपलं कोंडाणे कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या काठी आहे. कर्जतहून कोंदिवड्याच्या रस्त्याने गेलं की डोंगर जवळ येत जातो, आणि पुढे पायवाटेने चढलं की लेणी लागतात. शनिवार-रविवारी पाठीवर पिशव्या घेऊन मुंबईची पोरं जातात ती तिथेच. आपण मात्र लाकडाला, रानभाजीला, नाहीतर पाव्हण्यांना दाखवायला कधीतरी जातो. आमच्या गटातल्या निम्म्याजणी तर लेण्यांच्या आत कधी गेल्याच नव्हत्या.

हे सगळं सुरू झालं एका दाखल्यावरून. गटातल्या एका ताईंच्या मुलीला पुढच्या शिक्षणासाठी जात पडताळणी करायची होती. अनुसूचित जमातीला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेले नसले की शाळेचा दाखला नसतो. मग उरते ती कोतवाल बुकातली नोंद. जुन्या काळी गावात जन्म झाला, कुणी गेलं, की ते त्यात लिहिलं जायचं. बरीचशी नोंद मोडी लिपीत. आम्ही कचेरीच्या तीन फेऱ्या मारल्या, नक्कल मिळाली, मोडी वाचणारे एक गुरुजी शोधले. त्यांनी वाचून दाखवलं. बापाचं नाव होतं, जात होती, तारीख होती आणि पुढे लिहिलं होतं, मुलगी झाली. त्या मुलीला नाव नव्हतं. जिच्या पोटी झाली तिलाही नव्हतं.

कामापुरतं आमचं काम झालं. पण परत येताना टमटममध्ये कुणी फारसं बोललं नाही. मग एक ताई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या आज्या गावात होत्या याला पुरावाच नाही की." तिथून आम्ही गावाचा इतिहास शोधायला लागलो.

आमच्यातल्या काहीजणींनी बीएला इतिहास घेतला होता. तेव्हा इंग्लंडबद्दल शिकलो होतो ते आता आठवलं. तिकडे प्रत्येक लहान गावाचं एक चर्च असतं आणि चर्चभोवतीच्या वस्तीचा मिळून एक पॅरिश असतो. आपली ग्रामपंचायत आणि देवस्थान एकत्र केलं तर जे होईल, साधारण तसं. १५३८ साली आठव्या हेन्री राजाच्या कारभाऱ्याने, थॉमस क्रॉमवेलने, हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूने वही ठेवायची. कुणाचा नामकरण विधी झाला, कुणाचं लग्न लागलं, कुणाला पुरलं, हे दर आठवड्याला लिहायचं. वही ठेवायला पेटी करायची, पेटीला दोन कुलपं लावायची. एका कुलपाची चावी धर्मगुरूकडे, दुसरी गावच्या पंचांकडे. एकट्याला पेटी उघडता येऊ नये म्हणून.

हे सांगितलं तेव्हा सगळ्याजणी हसल्या. आपल्या बचत गटाची पेटी तर अशीच असते! पेटी एकीच्या घरी, चावी दुसरीच्या घरी. फरक इतकाच, की आपल्या पेटीत पैसे आणि हप्त्यांची वही असते, माणसांची वही नसते. त्या पॅरिशच्या वह्यांमुळे तिकडच्या चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या साध्या शेतमजुराच्या मुलीचा जन्म आज शोधता येतो. त्या वह्यांतही बायकांचं सगळं नीट लिहिलेलं असतं असं नाही, कित्येकदा फक्त बापाचंच नाव असतं. तरीपण वही आहे.

मग आपल्या कोंडाण्याची सगळ्यात जुनी नोंद कुठली? ती वहीत नाही, दगडात आहे.

आम्ही पंधराजणी एका गुरुवारी लेण्यांत गेलो. मुद्दाम गुरुवारी, शनिवार-रविवारची गर्दी टाळून. सोळा लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. मधलं मोठं ते चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, आत स्तूप. बाजूला विहार, म्हणजे राहायच्या खोल्या, झोपायला दगडी ओटे. समोरची दर्शनी बाजू बघत राहावी अशी आहे. दगडच, पण कोरलाय असा की लाकडाचं माडीचं घर वाटावं. कठडे, खिडक्या, तुळयांची टोकं सगळं दगडात. ज्याने कोरलं त्याने आधी लाकडाची घरं पाहिली असणार. वर चौकटींमध्ये माणसं कोरलेली आहेत, पुरुष आणि त्यांच्याबरोबर स्त्रिया, केसांच्या आणि मुंडाशांच्या नाना तऱ्हा. एक ताई बराच वेळ फक्त अंबाडेच बघत होत्या.

खालच्या बाजूची खूप पडझड झाली आहे. पाणी मुरून मुरून खांबांचे बुंधे गेले, स्तूपही खालून झिजला. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरूनच धबधबा पडतो, तो फोटोत छान दिसतो, पण पाण्याने दगडाचं काय होतं हे तिथे उभं राहिलं की कळतं.

चैत्याच्या दर्शनी बाजूला डावीकडे एका मोठ्या मूर्तीचा मोडका उरलेला भाग आहे, डोकं आणि त्यावरचं मुंडासं. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे. अर्थ असा, की कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं. कण्ह म्हणजे कृष्ण, आपल्याकडचा कान्हा. अंतेवासी म्हणजे गुरूच्या जवळ राहून शिकणारा शिष्य. बस, एवढंच. राजाचं नाव नाही, कुणी किती दान दिलं ते नाही. कोरणाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलं, त्याच्याही आधी गुरूचं लिहिलं. महाराष्ट्रातल्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं पुष्कळ सापडतात, पण काम करणाऱ्याचं नाव सापडणं फार कमी. आपल्या कोंडाण्याची पहिली नोंद ही एका कामगाराची आहे, याचं आम्हाला फार बरं वाटलं.

बाईचं नाव तिथे नाही. पण त्या काळात बायकांची नावं दगडावर चढतच नव्हती असं समजू नका. आपल्याच रायगड जिल्ह्यात, तळ्याच्या बाजूला कुडे लेणी आहेत. तिथे दान देणाऱ्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे आणि भिक्षुणीही आहे, म्हणजे संसार सोडून संघात गेलेली बाई. तिकडे जुन्नरच्या वर नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, तिने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानाची मोठी यादीच तिथे कोरलेली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी घाटातल्या दगडावर बाईचं नाव होतं आणि आपल्या आजीच्या आईचं मात्र कोतवाल बुकात आलं नाही.

लेणी इथेच का कोरली, हा प्रश्न आमच्या सगळ्यात धाकट्या मैत्रिणीने विचारला. त्याचं उत्तर वाटेत आहे. कल्याण आणि सोपारा ही तेव्हाची मोठी बंदरं. तिथून माल घाटावर चढायचा तो बोरघाटाच्या परिसरातल्या वाटांनी. वर गेलं की कार्ले आणि भाजे लेणी, खाली पायथ्याशी कोंडाणे. व्यापारी वाटेने भिक्षू चालायचे, आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबायचे. त्याला वर्षावास म्हणतात. आपल्या लावणीच्या दिवसांत, जेव्हा आपण चिखलात वाकलेलो असतो, तेव्हा ते वर बसून पाठ करत असतील. त्यांना भिक्षा कुणी घातली असेल? धान्य तर खालच्या गावातूनच गेलं असणार.

त्याच वाटेवर राखण म्हणून राजमाचीचा किल्ला. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले. शिवाजी महाराजांच्या ताब्यात तो होता, पुढे आंग्र्यांकडे, पेशव्यांकडे आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. किल्ल्याचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही इथे थांबत नाही. त्यानंतरची एक गोष्ट मात्र सांगतो. लेणी पहिल्यांदा साहेबाने शोधली असं सांगतात. जुन्या इंग्रजी पुस्तकातच लिहिलंय, की कोंडाण्याची लेणी आधी विष्णुशास्त्री नावाच्या आपल्या माणसाने नजरेला आणून दिली आणि त्यानंतर ठाण्याचे कलेक्टर लॉ साहेब ती बघायला गेले. आणि त्या विष्णुशास्त्रींना तरी वाट कुणी दाखवली? गुरं चारणाऱ्या एखाद्या पोराने किंवा मोळीवालीने दाखवली असेल, असं आम्हाला वाटतं. लेणी हरवली होती ती पुस्तकवाल्यांसाठी.

ठाण्याचे कलेक्टर का, असं विचाराल. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचं नाव रायगड झालं. गाव जागचं हललं नाही, जिल्ह्याची नावं मात्र तीन झाली. हे लक्षात ठेवा मैत्रिणींनो, जुनी नोंद शोधताना उपयोगी पडतं. फार जुना कागद असेल तर त्यावर जिल्हा ठाणे लिहिलेलं असू शकतं. ते बघून "हा आपला नव्हे" म्हणून परत देऊ नका.

आता रेल्वे. कोंडाण्याच्या समोरच्या डोंगरातून रात्री गाडी चढताना ऐकू येते. पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली होती. तिथे उतरायचं, पालखीतून नाहीतर चालत घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडी धरायची. मग बोरघाट फोडायचं काम निघालं. जवळजवळ पंचवीस किलोमीटरची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ च्या सुमाराला एकाच वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं या डोंगरात कामाला होती. त्यांत कुटुंबंच्या कुटुंबं होती. पुरुषाने फोडायचं, बाईने टोपलीने वाहायचं, पोरांनीही वाहायचं. झोपड्यांत पटकी शिरली, तापाची साथ आली, हजारो माणसं मेली. आज त्या घाटातून गाडी जाते तेव्हा आपण खिडकीतून धबधबे बघतो, पोरांना बोगदे मोजायला लावतो.

या कामात एक नाव आहे जे ऐकून आम्ही चमकलो. ठेकेदार होता सॉलोमन ट्रेडवेल. १८५९ मध्ये तो इंग्लंडहून आला आणि लवकरच आजारी पडून वारला. ठेका अर्धवट. तेव्हा त्याची बायको, अ‍ॅलिस ट्रेडवेल, पुढे झाली आणि ठेका तिने आपल्याकडे घेतला. जाणकार इंजिनिअर नेमून काम तडीला नेलं. २१ एप्रिल १८६३ ला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटातला मार्ग सुरू केला. परक्या मुलखात नवरा गेल्यावर ठेका चालवणारी बाई! आमच्यातल्या दोघी विधवा आहेत, दोघींनीही नवऱ्यामागे शेती सांभाळली आहे. त्या म्हणाल्या, "तिचं नाव राहिलं कारण ठेक्याच्या कागदावर तिची सही होती." अगदी खरं. टोपली वाहणाऱ्या बाईची कुठेच सही नव्हती.

रेल्वेनंतर आपल्या खोऱ्यातून मुंबईला बरंच काही जात राहिलं. भाताचा पेंढा गेला, गवत गेलं, कोळसा गेला. खैर तोडून कात काढणारे म्हणून ज्यांना कातोडी किंवा कातकरी नाव पडलं, ते जंगलावर सरकारचा हक्क आल्यावर कातेचं काम सोडून कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, नाहीतर वीटभट्टीवर. आजही आपल्या वाड्यांतली घरं दिवाळीनंतर कुलूपबंद होतात आणि पावसाच्या तोंडावर उघडतात, हे तुम्ही बघताच. मग वीज गेली. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी खाली सोडून वीज करायची आणि तारांवरून मुंबईला पाठवायची. भिवपुरीचं पाणी पेज नदीला मिळतं आणि राजनाल्यामुळे त्या बाजूच्या गावांना उन्हाळी भात घेता येतं. पेजकाठच्या माहेरवाशिणी आमच्यात आहेत, त्या कधी कधी जरा तोरा दाखवतात. कोंडाण्याच्या बाजूला तसं नाही. इथे पावसाचं भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि माघ संपला की विहिरीचा तळ दिसायला लागतो.

त्या विजेच्या तारांवरूनच पुढचा इतिहास घडला. १९४२ ची चळवळ. माथेरानचे भाई कोटवाल, विठ्ठल लक्ष्मण कोटवाल, नाभिक समाजातले, वकील झालेले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी तिथे मानवंदना देतात, शाळेतली मुलं भाषणं करतात. भाषणात मनोरे असतात, बंदुका असतात. पण आम्हाला सांगायचंय ते त्याआधीचं. भाईंनी गोरगरीब शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी काढली होती. पावसाळ्याच्या तोंडावर घरातली कणगी रिकामी होते, तेव्हा सावकाराच्या दारात जायची वेळ येऊ नये म्हणून. पीक आलं की घेतलेलं धान्य परत भरायचं. आपण महिन्याला शंभर रुपये टाकून जे करतो तेच ते, फक्त भाताच्या रूपात. बचत गट नव्वद सालानंतर कुणीतरी बाहेरून आणून दिला असं आपल्याला प्रशिक्षणात सांगतात. सांगू देत.

जमिनीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळा भाग करायचा आहे. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कसणारा तो मालक झाला, बऱ्याच कुळांना जमिनी मिळाल्या. सातबाऱ्यावर नाव लागलं ते मात्र पुरुषाचं. बाईचं नाव यायला पुढे फार वर्षं गेली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर स्पष्टच आहे, की दावा मंजूर झाला की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. आमच्या गटात ज्यांना वनपट्टे मिळाले त्यांनी घरी जाऊन कागद काढून बघावा असं आम्ही सांगितलं. कित्येकजणींनी तो तोपर्यंत पाहिलाच नव्हता. पेटीत तळाशी, लग्नाच्या शालूखाली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं शोधायची इतकी घाई कशासाठी? घाई आहे. कोंडाण्याजवळ उल्हास नदीवर धरण व्हायचं आहे. २०११ मध्ये सिंचनासाठी म्हणून काम निघालं. परवानग्यांवरून आणि खर्चावरून तक्रारी झाल्या, चौकशी लागली, काम थांबलं. २०१७ मध्ये सरकारने हा प्रकल्प सिडकोकडे दिला, म्हणजे पाणी शेतीऐवजी नवी मुंबईकडच्या वाढत्या वस्तीला जाणार. मधूनच पेपरात काहीतरी येतं आणि गावात पुन्हा बोलणं सुरू होतं. धरण हवं की नको, यावर आमच्यातही दोन मतं आहेत आणि ती राहतील. जिच्या पोराला नोकरी मिळेल असं वाटतं ती एक बोलते, जिचं शेत नदीला लागून आहे ती दुसरं बोलते. आम्ही त्यात आज पडत नाही.

पण उद्या जमीन संपादन झालंच तर काय होतं ते माहीत असायला हवं. २०१३ चा भूसंपादनाचा कायदा आहे. त्यात बाधित कुटुंब कुणाला म्हणायचं हे लिहिलंय, आणि विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायकांना स्वतंत्र कुटुंब धरावं असं त्यात आहे. केवढा मोठा हक्क! पण तो मागायचा तर मी या गावात राहते, या घरात राहते, इतकी वर्षं राहते, हे दाखवावं लागतं. भावाच्या घरी राहणारी, नवऱ्याने टाकलेली बाई कुठल्या कागदावर असते? घरपट्टी भावाच्या नावाने, रेशनकार्डात नाव आहे की कमी केलंय ठाऊक नाही, सातबाऱ्याचा प्रश्नच नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराला नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागतं, हेही कित्येकींना माहीत नसतं.

आणखी एक आठवण काढतो, जड जातं पण काढतो. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी, इरशाळगडाखालची ठाकूरवाडी. रात्री दरड आली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला. आपल्यातल्या कुणाकुणाचे तिथे नातेवाईक होते. तेव्हा खाली पायथ्याशी पहिला प्रश्न हाच होता की वाडीत त्या रात्री नेमकं कोण कोण होतं. कोण भात लावायला दुसरीकडे गेलं होतं, कुठली पोरं आश्रमशाळेत होती, कुणाची लेक माहेरी आली होती. माहेरी आलेल्या लेकीचं नाव वाडीच्या कुठल्याच यादीत नसतं. ते सांगणारी माणसं जी वाचली, त्यांच्याच तोंडून यादी पुरी झाली.

त्यानंतर आम्ही वही घातली. दोनशे पानी, लांब, निळ्या पुठ्ठ्याची. दर बैठकीला हप्ते गोळा झाले की अर्धा तास वहीचा. कोंडाण्याच्या आणि भोवतालच्या वाड्यांतल्या बायका आपापलं सांगतात आणि ज्या शिकलेल्या आहेत त्या लिहितात. आधी आम्ही तक्ता केला होता, नाव, वय, जन्मगाव, लग्नाचं वर्ष असा. तो जमला नाही. वर्ष कुणाला आठवत नाही. मग आम्ही प्रश्न बदलले. लग्न झालं तेव्हा गावात वीज आली होती का? पहिलं मूल झालं ते पुराच्या आधी की नंतर? २६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांना लक्षात आहे, तो आमचा मैलाचा दगड झाला. राब कुठल्या शेतात भाजायचात? पाणी कुठून आणायचात? सुईण कोण होती? या शेवटच्या प्रश्नाने तर वहीची चाळीस पानं भरली. एकाच सुईणीचं नाव सव्वीस बायकांनी सांगितलं. सरकारी कागदावर ती कुठेही नाही आणि गावातली एक अख्खी पिढी तिच्या हातावर जन्मली.

जागांची नावंही लिहितो आहोत. नदीतले डोह, शेतांची नावं, झऱ्यांची, वाटेवरच्या दगडांची. नकाशात यातलं काही नाही. पाणी भरलं तर आधी हीच जातील.

चुका होतातच. एकदा दोन जावांनी एकाच घरभरणीची दोन वेगळी वर्षं सांगितली आणि बैठकीत वाजलं. आम्ही दोन्ही वर्षं लिहिली, पुढे दोघींची नावं लिहिली. इंग्लंडच्या त्या वहीत असं चाललं नसतं, आमच्यात चालतं.

एक चांगली बातमी मध्ये आली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. म्हणजे आमच्या गटातल्या सुनांना आता जी मुलं होतील त्यांच्या दाखल्यावर आई असेल. त्यांच्या सासवांची आणि आजेसासवांची नावं आपल्यालाच लिहायची आहेत, आणि हात जरा लवकर चालवायला लागेल, कारण यंदाच्या पावसाळ्यात आमच्या दोन आज्या गेल्या. एकीचं लिहून झालं होतं. दुसरीला पुढच्या महिन्यात सांगते म्हणाली होती.

वही कुठे ठेवायची यावर बरीच चर्चा झाली. शेवटी गटाच्या पेटीतच ठेवली, हप्त्यांच्या वहीखाली. पेटीला आता दोन कुलपं आहेत. एक चावी अध्यक्षांकडे आणि दुसरी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजींकडे. त्यांना सही येत नाही, अंगठा करतात. त्यांची पाळी आली तेव्हा आम्ही विचारलं, "आजी, तुमचं माहेरचं नाव काय?" लग्नात नाव बदललं होतं. त्या बराच वेळ हसत बसल्या. साठ वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं म्हणाल्या. मग हळू आवाजात सांगितलं आणि लिहिणारीच्या हाताकडे बघत राहिल्या, नीट उतरतंय की नाही ते.

ते नाव आता वहीच्या बाराव्या पानावर आहे. रेडिओवर सांगू नका, असं त्यांनी बजावलंय.